घाटात ठोकणारे इंजिन

एकच मोटारसायकल सांगलीच्या सपाट रस्त्यावर मुकाट्याने धावते आणि साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढू लागली की टणटण आवाज करू लागते, असे का व्हावे? हा प्रश्न आमच्या महाविद्यालयातील अकरावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारला. गाडी त्याच्या आजोबांची होती. जुनी, साडेतीनशे घन सेंटिमीटरची बुलेट. आजोबा अजून त्या गाडीवरून शेताकडे, बाजाराला आणि कधीमधी सांगलीला लेकीकडे जात.

गंमत अशी, की तो आवाज फक्त या मुलालाच ऐकू येत होता. आजोबा म्हणत, “मला तर काही ऐकू येत नाही. तुझ्या कानात वारं भरतंय.” एका गॅरेजात गाडी नेली, तेव्हा तेथे ती उभ्या-उभ्या चालू करून पाहिली. आवाज आला नाही. “जुनी गाडी आहे, थोडाफार आवाज येणारच. फारच वाटत असेल तर सगळे इंजिन खोलून बघू,” असे उत्तर मिळाले. खर्चाचा आकडा ऐकून आजोबा म्हणाले, त्यापेक्षा गाडी भंगारात घातलेली बरी! मुलगा हिरमुसला आणि माझ्याकडे आला.

मी पडलो भौतिकशास्त्राचा मास्तर. पाना हाती धरण्याची सवय नाही. पण मुलाने सांगितलेल्या गोष्टी मला खोट्या वाटल्या नाहीत. आमच्या पेठेतील एका वयस्क मिस्त्रींना बरोबर घेऊन आम्ही शोध सुरू केला. तो शोध कसा लागला, हे समजण्यासाठी आधी इंजिनाच्या पोटात डोकावले पाहिजे.

पेट्रोल जळते, फुटत नाही

पुष्कळांची अशी समजूत असते, की ठिणगी पडताच सिलिंडरमधील पेट्रोलचा स्फोट होतो. सुरळीत चालणाऱ्या इंजिनात असे होत नाही. पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. दट्ट्या, म्हणजे मिस्त्रीलोकांचा पिस्टन, वर येऊन ते दाबतो. प्लगमध्ये ठिणगी पडते. तेथे एक लहानशी ज्वाला जन्मते आणि ती मिश्रणातून पसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. वाळल्या गवताचा वणवा डोंगराच्या एका अंगाने पेटत दुसऱ्या अंगापर्यंत जावा, तसे हे ज्वलन असते. त्याला वेळ लागतो, आणि आपल्या सगळ्या कोड्याचे मूळ या वेळातच आहे.

बुलेटच्या या इंजिनाचा अंतर्व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर आहे. प्लगपासून लांबच्या कडेपर्यंत ज्वालेला सुमारे ५ सेंटिमीटर जावयाचे आहे, असे धरू. चालत्या इंजिनात ज्वालेचा वेग दर सेकंदाला साधारण २० मीटर असतो. म्हणजे ५ सेंटिमीटर जाण्यास २.५ मिलिसेकंद लागतील. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटतो. पण इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ५० फेरे, म्हणजेच एका मिलिसेकंदात १८ अंश फिरते. २.५ मिलिसेकंदांत ते ४५ अंश फिरून मोकळे होईल!

दट्ट्या सर्वांत वर पोचल्यानंतर क्रँक साधारण १० ते १५ अंश पुढे गेलेली असताना दाब सर्वाधिक असावा, म्हणजे दट्ट्याला खाली जाण्यासाठी उत्तम रेटा मिळतो. तेव्हा ४५ अंशांतून हे १५ वजा केले, तर ठिणगी दट्ट्या वर पोचण्याच्या ३० अंश आधीच पडली पाहिजे. धावत्या गाडीच्या पुढ्यात चेंडू टाकावयाचा असेल, तर तो आधीच फेकावा लागतो; तसेच हे.

हेच इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्यांवर असेल तर? आता एका मिलिसेकंदात ते फक्त ६ अंश फिरते. आतील वायूची खळबळ कमी असल्याने ज्वालाही मंद, समजा सेकंदाला १२ मीटर वेगाने जाते. तिला सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतील, तेवढ्यात इंजिन २५ अंश फिरेल. १५ वजा केले की उरतात १०. म्हणजे सावकाश चालीत ठिणगी १० अंश आधी आणि वेगात ३० अंश आधी हवी. हा फरक आपोआप व्हावा म्हणून या गाडीत दोन लहान वजने व दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजने बाहेर फाकतात आणि ठिणगीची वेळ अलीकडे ओढतात.

उरलेल्या वायूचे बंड

आता ठोक्याकडे वळू. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे तोंड गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. वायू झटकन दाबला, उष्णतेला बाहेर पडण्यास वेळ दिला नाही, की त्याचे तापमान वाढते. आपल्या इंजिनात मिश्रण साधारण साडेसहा पटींनी दाबले जाते. आत येताना त्याचे तापमान ३३० केल्विन असेल, तर दाबल्यावर ते सुमारे ६३५ केल्विन, म्हणजे ३६० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. ही झाली ठिणगीपूर्वीची गोष्ट.

ठिणगी पडून ज्वाला पसरू लागली की जळालेला वायू फुगतो. तो समोरच्या न जळलेल्या वायूला कोपऱ्यात रेटतो आणि आणखी दाबतो. दाब याप्रमाणे तिप्पट झाला, तर कोपऱ्यातील वायूचे तापमान सुमारे ८४५ केल्विनवर, म्हणजे ५७० अंश सेल्सियसवर जाईल. इतक्या तापमानाला पेट्रोलच्या रेणूंची आपसांत रासायनिक खटपट सुरू होते. ती काही मिलिसेकंद चालू राहिली, तर ज्वाला येण्यापूर्वीच तो सगळा कोपरा एकदम पेट घेतो. वणव्याची रेषा पोचण्याआधीच पुढचे माळरान एका क्षणात भडकावे, तसे हे होते. यालाच इंजिनाचा ठोका किंवा नॉकिंग म्हणतात.

म्हणजे येथे एक शर्यत लागलेली असते. एकीकडे ज्वाला, दुसरीकडे कोपऱ्यातील वायूची खटपट. ज्वाला आधी पोचली तर इंजिन गोड चालते. खटपट आधी पुरी झाली तर इंजिन ठोकते.

आता घाटाचा उलगडा होतो. चढावर आपण अ‍ॅक्सिलरेटर पुरा पिळतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण येते आणि दाब व तापमान वाढते. शिवाय गिअर न बदलता तसेच रेटले, तर इंजिनाचे फेरे कमी होतात आणि खटपटीला जास्त वेळ मिळतो. दोन्ही गोष्टी ठोक्याला धार्जिण्या. सांगलीच्या सपाटीवर अ‍ॅक्सिलरेटर थोडाच उघडा असतो, म्हणून तेथे शांतता. खरे तर उंचीवर हवा विरळ होते. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आणि कासचे पठार सुमारे १,२०० मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब सांगलीपेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी भरतो, आणि त्यामुळे ठोका कमी व्हावयास हवा. तरीही घाटात ठोका ऐकू येतो, याचा अर्थ चढाचा भार विरळ हवेवर मात करतो.

गॅरेजात उभ्या गाडीवर भारच नव्हता. मग ठोका ऐकू यावा कसा?

आजोबांना का ऐकू आले नाही?

कोपरा एकदम पेटला की तेथे दाब उसळतो आणि दाबाची लाट सिलिंडरमध्ये या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ९५० मीटर असतो. ७ सेंटिमीटर जाऊन परत येणे म्हणजे १४ सेंटिमीटर. ९५० ला ०.१४ ने भागा. सेकंदाला जवळजवळ ६,८०० आंदोलने मिळतील. सिलिंडर गोल असल्याचा नीट हिशेब केला तर आकडा ८,००० च्या घरात जातो. हाच तो टणटणाट.

माणसाचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, असे तुम्ही पुस्तकात वाचता. पण वय वाढते तशी वरच्या पट्टीतील आवाज ऐकण्याची शक्ती आधी कमी होते. ८,००० हर्ट्झचा आवाज सोळा वर्षांच्या कानाला टोचतो; पंचाहत्तरीच्या कानाला, त्यातही वाऱ्यात, तो कळतही नाही. नातू खोटे बोलत नव्हता आणि आजोबाही नाहीत. मी हे आजोबांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग नातवाकडे पाहून म्हणाले, “मग तुझं खरंच होतं म्हणायचं!”

एका वेळी एकच बदल

तरी हा आवाज ठोक्याचाच, याची खात्री हवी होती. जुन्या इंजिनात आवाज करणारे पुष्कळ असतात. टॅपेट सैल असले तर टिकटिक येते, पण ती उभ्या गाडीतही येते. दट्ट्या सिलिंडरमध्ये सैल झाला असेल, तर इंजिन थंड असताना खडखड होते आणि तापल्यावर कमी होते. बिगेंडचे बेअरिंग गेले असेल, तर खोल, भरीव धडधड येते. आमचा आवाज मात्र उंच पट्टीचा, इंजिन तापल्यावर येणारा आणि फक्त चढावरचा.

मी मुलाला वही दिली आणि सांगितले, “अरे, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लिहून ठेव.” तो आणि मिस्त्री घाटात जाऊन आले. वहीत नोंदी होत्या: तिसऱ्या गिअरात पुरा अ‍ॅक्सिलरेटर, आवाज येतो. तेथेच अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडला, आवाज त्याच क्षणी बंद. त्याच चढावर दुसरा गिअर, आवाज जवळजवळ नाही. झिजलेले बेअरिंग असे क्षणात गप्प होत नाही. ठोका नक्की झाला.

पण ठोका कशामुळे? संशयित तीन होते: हलके पेट्रोल, हेडमध्ये साठलेली काजळी आणि वेळेआधी पडणारी ठिणगी. साडेसहा पटींच्या दाबाचे हे जुने इंजिन आजच्या पेट्रोलवर ठोकू नये. तरी टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचे पेट्रोल भरून पाहिले. फरक नाही. काजळीचा थर दाटला तर मिश्रणाला जागा कमी उरते व दाब वाढतो. पण वर्षापूर्वीच हेड साफ केलेले होते.

इतक्यात आजोबा सहज बोलून गेले, “अलीकडं किक लई उलटी मारती बघा, सर. परवा नडगी सोलली.” मी आणि मिस्त्री एकमेकांकडे पाहू लागलो. किक मारताना इंजिन अगदी सावकाश फिरत असते. अशा वेळी ठिणगी फार आधी पडली, तर दट्ट्या वर पोचण्यापूर्वीच दाब वाढतो आणि त्याला उलट खाली ढकलतो. आमचा तिसरा संशयित सापडला होता. “हे कधीपासून?” मी विचारले. “दिवाळीत नवीन सीबी पॉइंट टाकले, तवापासनं.”

पतंगाचा कागद आणि कोनमापक

सीबी पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे ठोकळे. ते मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो व चुंबकीय क्षेत्र तयार करतो. एक उंचवटा फिरत येऊन त्यांना उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. १८३१ मध्ये फॅरेडेने शोधलेला नियमच येथे ठिणगी पाडतो. म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण.

तो क्षण हेरण्यासाठी मिस्त्रींनी पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी मिटलेल्या पॉइंटांत धरली. हलका ताण देऊन इंजिन हळूहळू फिरवले. कागद सुटला की पॉइंट उघडले! त्या वेळी दट्ट्या कोठे आहे, ते पाहावयाचे. या इंजिनासाठी वजने मिटलेली असताना दट्ट्या वर पोचण्यास ०.८ मिलिमीटर बाकी असावे, असे माप आहे.

येथे भूमितीची एक मौज आहे. दट्ट्या वरच्या टोकाजवळ असताना क्रँक फिरली तरी तो फारसा हलत नाही. धावेच्या निम्मी म्हणजे ४५ मिलिमीटर क्रँकची त्रिज्या आणि तिच्या चौपट लांबीचा जोडदांडा धरून हिशेब केला, तर असे आकडे येतात: १ अंशाला दट्ट्या ०.००९ मिलिमीटर खाली, ५ अंशांना ०.२१, १० अंशांना ०.८५, १७ अंशांना २.४५ आणि ३० अंशांना ७.४ मिलिमीटर. लहान कोनांसाठी अंतर कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.८ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १० अंश. वर आपण काढलेल्या हिशेबाशी हे जुळते की नाही?

पण मग ‘सर्वांत वरचे स्थान’ अचूक शोधावे कसे? तेथे दट्ट्या एक-दोन अंशांत हलतच नाही. युक्ती सोपी आहे. पुठ्ठ्यावर अंशांच्या खुणा करून ती तबकडी क्रँकच्या टोकाला बसवली. प्लगच्या भोकातून एक काडी आत सोडली. दट्ट्या वर येताना काडी एका खुणेवर आली, तो कोन लिहिला. वरून परतताना ती पुन्हा त्याच खुणेवर आली, तोही लिहिला. दोहोंचा मध्य हेच वरचे स्थान. भोक तिरपे असले तरी या रीतीने चूक होत नाही, कारण दोन्ही वेळा चूक सारखीच असते.

मुलाने कोन वाचला. कागद सुटला तो १७ अंशांवर! ठिणगी ७ अंश आधी पडत होती.

कारणही मिळाले. उघडल्यावर दोन पॉइंटांमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावयास हवी. येथे ती ०.६ मिलिमीटरच्या आसपास होती. फट मोठी ठेवली की उंचवटा पॉइंटांना लवकर गाठतो व ते लवकर उघडतात. कोणीतरी आधी ठिणगीची वेळ जुळवली असावी आणि मागाहून फट वाढवली असावी. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी फट, मग वेळ. वेळ हवी तेथे आणण्यासाठी पॉइंटांची चकती किंचित फिरवतात. मिस्त्रींनी ती फिरवली, पुन्हा कागद लावला, १० अंश.

ठोका टळावा म्हणून ठिणगी फार उशिरा ठेवणेही बरे नव्हे. मग दट्ट्या खाली निघून गेल्यावर ज्वलन चालते, जोर मिळत नाही, आणि उष्णता धुराड्यावाटे वाया जाऊन नळी निळी पडते.

दुर्लक्ष केले असते तर?

जळत्या वायूचे तापमान २,००० अंश सेल्सियसच्या वर असते, आणि दट्ट्याचे अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मग दट्ट्या रोज वितळत कसा नाही? त्याच्या पृष्ठभागाला वायूचा एक पातळ, थंड थर चिकटलेला असतो. तो गोधडीसारखे काम करतो. ठोक्याच्या लाटा हा थर ओरबाडून काढतात. उष्णता थेट धातूत शिरते, कडा खरवडल्यासारख्या होतात आणि शेवटी दट्ट्याला भोक पडते. हे बहुधा भर चढावर, इंजिनावर सर्वांत जास्त भार असतानाच घडते. आजोबा आणि मागे बसलेला नातू घाटाच्या वळणावर असताना इंजिन अडकले असते, तर काय झाले असते, याची कल्पना करा.

पेट्रोलची कहाणी

ठोक्याने एके काळी साऱ्या जगातील इंजिनांची वाट अडवली होती. जास्त दाब म्हणजे जास्त शक्ती; पण दाब वाढवला की ठोका हजर. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली याला असे आढळले, की शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलमध्ये किंचित मिसळले तर ठोका थांबतो. इंजिनांचे भले झाले. माणसांचे मात्र झाले नाही. धुरातून शिसे हवेत पसरले, आणि ते मुलांच्या मेंदूला घातक ठरते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले, आणि २०२१ मध्ये मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून हद्दपार झाले.

पेट्रोलची ठोका न देण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. आयसो-ऑक्टेन हे द्रव्य ठोक्याला फार विरोध करते, त्याला १०० अंक. हेप्टेन चटकन ठोकते, त्याला शून्य. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतके टिकत असेल, तर त्याचा अंक ९१. आता शिशाची जागा काही अंशी इथेनॉलने घेतली आहे. त्याचा अंक १०० हून अधिक आहे, आणि वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता शोषून मिश्रण थंड करते. ते उसापासूनही तयार होते. कृष्णाकाठच्या आपल्या साखर कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्यांना हे सांगावयास नको. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. जुन्या गाड्यांसाठी एक सूचना मात्र आहे: इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण थोडे पातळ पडते, आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलमुळे खराब होऊ शकतात. ते तपासून घ्यावेत.

आजच्या पुष्कळ मोटारींत इंजिनाला एक लहान स्फटिक चिकटवलेला असतो. कंपन झाले की त्यात विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. ठोक्याची विशिष्ट पट्टी त्याला ऐकू आली, की संगणक ठिणगी अंश-दोन अंश मागे घेतो. आपल्या गोष्टीत हे काम एका सोळा वर्षांच्या कानाने केले.

दुसऱ्या दिवशी तिघे जण यवतेश्वरच्या पायथ्याशी गेलो. नातू मागे बसला, आजोबांनी एका किकेत गाडी सुरू केली. परत आल्यावर मी मुलाला विचारले, “काय ऐकू आले?” तो म्हणाला, “काही नाही, सर!” आजोबा हसून म्हणाले, “मला तर आधीपासनंच काही ऐकू येत नव्हतं.”

करून पाहा

१. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दहा वेळा झटपट दाबा, मग दहा वेळा अगदी सावकाश दाबा. दोन्ही वेळा तोंडाजवळची नळी किती गरम झाली? फरक का पडला?

२. पुठ्ठ्याचे चाक, खिळा आणि दोन पट्ट्या घेऊन क्रँक व दट्ट्याची प्रतिकृती बनवा. दर ५ अंशांना दट्ट्या किती हलतो ते मोजून आलेख काढा. वरच्या टोकाजवळ आलेख कसा दिसतो?

३. नदीकाठच्या डिझेल इंजिनात प्लग नसतो. दाबल्याने ५०० अंशांहून अधिक तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेटते. मग पेट्रोलला जो गुण दोष ठरतो, तो डिझेलला आवश्यक का असतो? विचार करा, आणि वर्गात शिक्षकांशी चर्चा करा.

खऱ्या गाडीवर काम करावयाचे असेल, तर मात्र जाणत्या मिस्त्रींच्या सोबतीनेच करा. पेट्रोलजवळ ठिणगी पडली, तर ती १० अंश आधी पडली की १७, हे विचारण्यास कोणी उरणार नाही!